खडूच्या भुकटीची चित्रकर्त्री : रोझाल्बा कॅरिएरा

आपल्या शाळेंत प्रत्येक तासाच्या शेवटीं फळा पुसला जातो, आणि त्यावर मोठ्या कष्टानें मांडलेल्या अक्षरांची भुकटी होऊन ती खालीं गळून पडते. या भुकटीहून क्षुद्र वस्तु ती कोणती? तथापि अशाच रंगीत भुकटीनें एका स्त्रीनें अशीं चित्रें काढिलीं कीं, तीं मिळविण्यासाठीं युरोपांतील राजपुत्र तिच्या दारीं आले, आणि आज सुमारें तीनशें वर्षें लोटलीं तरी त्यांतील कित्येक टिकून आहेत. त्या स्त्रीचें नांव रोझाल्बा कॅरिएरा. तिचें चरित्र विद्यार्थ्यांच्या वाचनांत सहसा येत नाहीं, म्हणून तें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रोझाल्बाचा जन्म १२ जानेवारी १६७३ रोजीं इटलींतील व्हेनिस शहरीं झाला. हें नगर पाण्यांत वसलेलें. तेथें रस्त्यांचें काम कालवे करितात व गाड्यांचें काम होड्या. त्या काळीं व्हेनिस हें एक स्वतंत्र प्रजासत्ताक राज्य होतें. त्याचें दर्यावर्दी वैभव ओसरूं लागलें होतें खरें, पण कांचकाम, लेस, संगीत आणि चित्रकला यांच्या कीर्तीमुळें परदेशचे प्रवासी तेथें नित्य येत असत. रोझाल्बाचे वडील आंद्रेआ हे कारकुनी पेशाचे गृहस्थ होते आणि आई आल्बा ही लेसकाम करणारी होती. जोव्हान्ना व आंजेला या तिच्या दोन बहिणी. घरीं श्रीमंती नव्हती, तथापि मुलींस शिकविण्यांत आईबापांनीं कसूर केली नाहीं. संगीत व फ्रेंच भाषा या गोष्टी रोझाल्बास चांगल्या अवगत होत्या. आईच्या लेसकरितां नक्षी काढून देतां देतां तिचा हात चित्रकलेकडे वळला, असें सांगतात.

त्या वेळीं युरोपांतील प्रतिष्ठित लोकांत तपकीर ओढण्याची चाल फार होती, आणि तपकिरीच्या डब्या जितक्या शोभिवंत तितकी मालकाची ऐट अधिक. रोझाल्बानें अशा डब्यांच्या झांकणांवर बसवावयाचीं लघुचित्रें रंगविण्यास आरंभ केला. हीं चित्रें पूर्वीं चर्मपत्रावर काढीत. हस्तिदंताच्या पातळ चकतीवर तीं काढणाऱ्या अगदीं पहिल्या चित्रकारांत तिची गणना होते. हस्तिदंताचा मूळचा स्निग्ध पांढरा रंग चेहऱ्याच्या कांतीस उपयोगी पडतो, हें तिनें ओळखलें होतें. काम लहान खरें, पण तें तिनें लहान समजून केलें नाहीं. अशाच एका लघुचित्राबद्दल रोम येथील सेंट ल्यूकच्या चित्रकारमंडळानें १७०५ सालीं तिला आपल्यांत सभासद करून घेतलें. चित्रकारांच्या मंडळांत स्त्रीचें नांव क्वचितच दिसावें असा तो काळ होता, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे.

परंतु ज्या कलेमुळें रोझाल्बाबाईंचें नांव अजरामर झालें, ती कला निराळी. तिला पेस्टल म्हणतात. तिची रीत समजल्यावांचून बाईंची थोरवी समजणार नाहीं, म्हणून ती सांगतों. रंगद्रव्य अगदीं बारीक वाटून त्यांत खडूची पूड अथवा पांढरी माती मिळवावयाची, आणि अत्यंत थोड्या डिंकाच्या पाण्यांत तें मळून त्याच्या कांड्या वळून वाळवावयाच्या. डिंक जास्त झाला तर कांडी कागदावर उमटत नाहीं. कमी झाला तर हातांतच तिचा चुरा होतो. तैलरंग कालवून हवी ती छटा करितां येते. येथें जवळजवळ प्रत्येक छटेची निराळी कांडी हाताशीं असावी लागते. कागद थोडा खरखरीत घ्यावयाचा, म्हणजे त्याच्या बारीक रंध्रांत भुकटी अडकून राहते. रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाहीं, त्यामुळें समोर बसलेल्या मनुष्याच्या मुद्रेवरील भाव पालटण्यापूर्वींच तो पकडतां येतो. यांत तेल नसल्यानें चित्र पिवळें पडत नाहीं, आणि कणाकणावरून प्रकाश विखुरत असल्यामुळें चेहऱ्यास फुलाच्या पाकळीसारखी मृदुता येते. हे सर्व गुण खरे. पण दोषही तेवढाच मोठा. चित्रास बोट लागलें कीं रंग बोटास लागतो, धक्का बसला कीं तो गळतो. म्हणून असें चित्र कांचेखालींच ठेवावें लागतें.

बाईंच्या पूर्वीं बहुतेक चित्रकार या कांड्यांचा उपयोग मोठ्या चित्राचा कच्चा आराखडा करण्यापुरता करीत असत. यांनीं मात्र त्यांत पुरतीं व्यक्तिचित्रें काढिलीं. निळसर कागदावर प्रथम रंग देऊन तो बोटानें हलके चोळावयाचा, म्हणजे गाल व कपाळ मऊ दिसूं लागतात. मग त्या चोळलेल्या थरावरून पांढऱ्या कांडीची आडवी बाजू अलगद ओढावयाची. तेवढ्यानें केंसांवरील पूड, रेशमाची चमक आणि गळ्याभोंवतालची लेस हुबेहूब उमटे. ज्या लेसच्या एकेका टांक्यासाठीं आईनें डोळे शिणविले होते, ती लेस मुलीनें खडूच्या एका फटकाऱ्यांत दाखविली. पण तो फटकारा साधण्यास किती वर्षांचा अभ्यास लागला असेल, याचा विचार वाचकांनींच करावा.

हळूहळू व्हेनिसास येणारा प्रत्येक मोठा प्रवासी आपलें चित्र त्यांच्याकडून काढवून घेऊं लागला. इंग्लंडचे तरुण सरदार आले, जर्मन संस्थानिक आले, डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक आला. पुढें १७२० सालीं पिएर क्रोझा नांवाच्या धनाढ्य संग्राहकाच्या आमंत्रणावरून बाई आपल्या आईस व बहिणींस घेऊन पॅरिसास गेल्या आणि सुमारें एक वर्ष त्याच्या वाड्यांत राहिल्या. दहा वर्षांचा बालराजा पंधरावा लुई त्यांच्यासमोर चित्रासाठीं बसला. फ्रान्सच्या राजकीय चित्रकारमंडळानें यापुढें स्त्रियांस घ्यावयाचें नाहीं असें १७०६ सालीं ठरविलें होतें. तो निर्बंध बाजूस सारून त्यानें १७२० च्या ऑक्टोबरांत रोझाल्बाबाईंस सभासद केलें. वातो हा थोर चित्रकार तेव्हां क्षयानें खंगत चालला होता. त्याचेंही चित्र बाईंनीं १७२१ च्या आरंभीं काढिलें, आणि त्याच वर्षीं तो वारला.

पॅरिसांतील त्या मुक्कामांतील एक गोष्ट आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. बाईंचे मेहुणे, आंजेलाचे पति अंतोनिओ पेल्लेग्रीनी, हेही नामांकित चित्रकार होते. जॉन लॉ नांवाच्या स्कॉटिश गृहस्थानें पॅरिसांत मोठी पेढी काढिली होती. तिच्या दालनाचें विस्तीर्ण छत रंगविण्याचें काम पेल्लेग्रीनी यांस मिळालें. केवढें तें काम आणि केवढा त्याचा गाजावाजा! पण त्याच १७२० सालीं लॉच्या कागदी नोटा व शेअर यांचा डोलारा कोसळला, हजारों कुटुंबें धुळीस मिळालीं, आणि पुढें तें छतावरील चित्रही नष्ट झालें. पेढीच्या तुळयांच्या आधारावर असलेलें गेलें, आणि ज्यास केवळ कागदाच्या खरखरीतपणाचा आधार तें राहिलें. मनुष्य ज्यास भक्कम म्हणतो आणि ज्यास नाजूक म्हणतो, त्याविषयींचा त्याचा अंदाज पुष्कळदां असा चुकतो.

बाई १७२१ सालीं स्वदेशीं परतल्या. पुढें १७२३ सालीं मोडेना येथें आणि १७३० सालीं व्हिएन्ना येथील बादशाही दरबारीं त्यांनीं काम केलें, पण घर त्यांचें व्हेनिसच्या मोठ्या कालव्याच्या कांठींच राहिलें. त्यांनीं विवाह केला नाहीं. जोव्हान्ना ही त्यांच्या हाताखालीं चित्रांचें काम करी. सॅक्सनीचा अधिपति तिसरा ऑगस्टस यानें त्यांचीं दीडशेंहून अधिक चित्रें जमवून ड्रेस्डेन येथें त्यांसाठीं स्वतंत्र दालन केलें. त्यांतील सत्तरांवर चित्रें आजही त्या शहरीं आहेत.

इतकें वैभव पाहिल्यावर पुढील दुःख अधिकच जड वाटतें. १७३७ सालीं जोव्हान्ना वारली, आणि पाठोपाठ आईही गेली. बहिणीच्या मरणानें बाई खिन्न झाल्या. त्यानंतर डोळ्यांनीं दगा दिला. मोतीबिंदूनें दृष्टि मंदावत गेली. शस्त्रक्रिया करविल्या, त्या काळीं भूल देण्याची सोय नव्हती, हें सांगितलें म्हणजे त्यांनीं काय सोसलें असेल तें कळेल. मध्यंतरीं कांहीं काळ उजेड दिसला, पण तो टिकला नाहीं. आयुष्याचीं शेवटचीं वर्षें त्यांनीं पूर्ण अंधत्वांत काढिलीं, आणि १५ एप्रिल १७५७ रोजीं, वयाच्या पंच्याऐंशींव्या वर्षांत, त्या देवाघरीं गेल्या.

आतां एक आक्षेप. बाईंनीं श्रीमंतांस ते होते त्याहून देखणे दाखविलें, त्यांचे सर्वच चेहरे गोड व सारखे दिसतात, असें कित्येक टीकाकार म्हणतात. त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. चित्रावर ज्याचा चरितार्थ, त्यास गिऱ्हाइकाची मर्जी राखावी लागते. पण बाईंची खरी परीक्षा त्यांनीं स्वतःच्या काढलेल्या चित्रांवरून करावी. त्यांचें एक चित्र फ्लॉरेन्स येथें आहे. त्यांत त्यांच्या एका हातांत जोव्हान्नाचें चित्र आहे आणि दुसऱ्या हातांत खडू. मोठें नाक, साधा चेहरा, कोठेंही लपवालपव नाहीं. आणि जगासमोर एकट्यानें न येतां साहाय्यक बहिणीसह आलेल्या. दुसरें चित्र व्हेनिस येथें आहे. तें १७४६ च्या सुमाराचें, म्हणजे दृष्टि जाण्याच्या वेळचें. पिकलेले केंस, डोक्यावर पानांची माळ, अंगांत साधें तपकिरी वस्त्र, आणि थकलेले डोळे. ना लेस, ना रेशीम. ज्या हातानें जन्मभर दुसऱ्यांचे गाल गुलाबी केले, त्या हातानें स्वतःच्या म्हातारपणावर रंगाचा एकही खोटा कण टाकला नाहीं. अंधार दाराशीं आलेला दिसत असतां जिनें आरशांत नीट पाहिलें आणि जें दिसलें तेंच काढिलें, तिचें धैर्य लहान म्हणतां येणार नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, धन्यानें आपल्या चाकरांस धन सोंपवून परदेशीं गेल्याचा दाखला तुम्हीं प्रार्थनेच्या वेळीं अनेकदां ऐकला आहे. ज्यास थोडें मिळालें त्यानें तें जमिनींत पुरून ठेविलें, हा त्याचा अपराध. रोझाल्बाबाईंस प्रारंभीं तपकिरीच्या डबीएवढी जागा आणि मूठभर भुकटी एवढेंच मिळालें होतें. तें त्यांनीं पुरून ठेविलें नाहीं, आणि तें थोडें म्हणून कुरकुरही केली नाहीं. आपण सर्वच मातीचे घडलेले आहों, असें पवित्र शास्त्र आपणांस शिकवितें. परंतु मातीच्या हातून काय घडूं शकतें, याची शंका ज्यास येईल त्यानें या बाईंचें एखादें चित्र, निदान त्याचा छापलेला नमुना, एकवार अवश्य पाहावा; आणि उद्यां फळा पुसतांना बोटांस जी पूड लागेल ती झटकण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, एवढेंच आमचें सांगणें आहे.