कै. चिंतामणराव देशमुख

पेण व रोहें या तालुक्यांतील पुष्कळ घरांच्या वडील मंडळींनीं इ. स. १९५२ सालच्या निवडणुकींत आयुष्यांत प्रथमच मत दिलें. इंग्रजी अमलांत हा हक्क सारा भरणाऱ्या, मालमत्ता बाळगणाऱ्या किंवा शिकलेल्या थोड्या लोकांनाच होता. नव्या राज्यघटनेनें तो एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्रीपुरुषास दिला. त्या काळीं देशांत शंभरांतील सुमारें अठरांसच लिहितां वाचतां येई. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिच्यावर त्याचें चिन्ह लावीत, आणि मतदार आपली चिठ्ठी हव्या त्या पेटींत टाकी. अशा रीतीनें कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यानें पहिल्या लोकसभेंत ज्यांस पाठविलें, ते चिंतामण द्वारकानाथ देशमुख होत.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं महाडजवळील नाते गांवीं झाला. वडील वकील होते. बाळपण रोह्यास गेलें. १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले व त्यांस संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळाली. पुढें केंब्रिज येथें शिकून १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंतही ते पहिले आले. मध्यप्रांत व वऱ्हाड येथें त्यांनीं बरींच वर्षें कारभार केला. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, व १९५० सालीं देशाचे अर्थमंत्री झाले.

हीं सारीं पदें त्यांस परीक्षेनें किंवा नेमणुकीनें मिळालीं होतीं. नांगरधारी व कोळी यांच्या मतांवर आपली जागा अवलंबून असणें, हा त्यांस नवा अनुभव होता.

१३ मे १९५२ रोजीं ती ४८९ जागांची लोकसभा प्रथम भरली. त्याच दिवशीं डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं राष्ट्रपतिपदाची शपथ घेतली. १९५० सालीं त्यांस घटना समितीनें निवडलें होतें. आतां संसद व राज्यांच्या विधानसभा यांतील निर्वाचित सभासदांनीं निवडलें. अर्थात् रोह्याच्या शेतकऱ्याच्या चिठ्ठीचें बळ राष्ट्रपतीच्या निवडीपर्यंत पोंचलें.

चिंतामणरावांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळांत, १९५५ सालीं, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली व लहान गांवीं शाखा काढण्याचें काम तिच्याकडे आलें. १९५६ सालीं आयुर्विमा सरकारी झाला. पण त्याच वर्षीं कसोटीचा प्रसंग आला. मुंबई शहर महाराष्ट्रास न देतां केंद्राच्या ताब्यांत ठेवण्याचें सरकारनें ठरविलें, आणि तेथें लोकांवर गोळीबार झाला. हा निर्णय योग्य रीतीनें झाला नाहीं व गोळीबाराची चौकशी झाली पाहिजे, असें चिंतामणरावांचें मत होतें. पद राखावें कीं ज्यांनीं निवडलें त्यांच्याशीं इमान राखावें, हा प्रश्न होता. जुलै महिन्यांत त्यांनीं मंत्रिपद सोडलें.

पुढें ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष व दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरु झाले. १९६९ सालीं राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत ते उभे राहिले व पराभूत झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजीं हैदराबाद येथें त्यांचें देहावसान झालें.

वाचकहो, पहिल्या निवडणुकींत आपल्या वडिलांनीं एक चिठ्ठी टाकली, आणि ज्यांस निवडलें त्यांनीं तिची किंमत ओळखली. पुढील वेळीं मत देण्यास जाल, तेव्हां उमेदवार काय मिळवील याबरोबर तो काय सोडील, हेंही विचारावें.