गाणी मागत हिंडलेला माणूस

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. शिकायचे म्हणजे घरातले विसरायचे आणि पुस्तकातले घ्यायचे, असे माझ्या मनात पक्के बसले होते. बेला बार्टोकचे चरित्र वाचले आणि त्या समजुतीला पहिला तडा गेला.

बार्टोकचा जन्म २५ मार्च १८८१ चा. त्याचे गाव तेव्हा हंगेरीत होते, आज ते रुमानियात आहे. सात वर्षांचा असताना वडील वारले. आईने शिक्षिकेची नोकरी करून मुलांना वाढवले. पियानोवर बोटे ठेवायलाही तिनेच शिकवले. बुडापेस्टच्या संगीत अकादमीतून १९०३ साली तो बाहेर पडला, तेव्हा हंगेरीचे संगीत म्हणजे शहरातल्या वाद्यवृंदांचे संगीत असेच तोही मानत असे. पण १९०४ च्या उन्हाळ्यात लिडी डोशा नावाच्या एका मोलकरणीचे गाणे त्याच्या कानी पडले. एवढा शिकलेला माणूस, पण मोलकरणीसमोर वही घेऊन बसला! मला त्याच्या थोरवीपेक्षा हे बसणेच मोठे वाटते.

मग कोदाय हा मित्र भेटला. १९०६ साली दोघांनी वीस लोकगीते छापली. फोनोग्राफ आणि मेणाच्या नळ्या घेऊन बार्टोक खेडोपाडी हिंडू लागला. जुने गाणे मागितले की बाया आधी देवाची गाणी म्हणत, नाहीतर शहरातून आलेली. दिवाळीच्या सुट्टीत मी आजीकडे जात्यावरची ओवी मागितली, तर तिनेही आधी गणपतीची आरतीच सुरू केली. ओवी का म्हणत नाहीस विचारले, तर कॉलेजातल्या पोराला त्याचे काय, म्हणून हसली. शेवटी दोनच म्हणाली, आणि वडील आले तशी गप्प झाली.

बार्टोक केवळ आपल्याच लोकांपाशी थांबला नाही. स्लोव्हाक आणि रुमानियन खेड्यांतही तो गेला. काठीचा नाच, कमरपट्ट्याचा नाच अशा रुमानियन नाचांच्या चालींवरून त्याने १९१५ साली पियानोसाठी रचना केल्या. परक्यांची गाणी कशाला जमवतोस, म्हणून देशाभिमानी मंडळींनी त्याला बोल लावले. पण तो हटला नाही. १९१३ साली तो अल्जीरियातल्या बिस्क्रा भागात अरबांची गाणी उतरवायला गेला होता; तिथल्या उन्हाने आजारी पडला.

१९३६ साली, पंचावन्नाव्या वर्षी, तो तुर्कस्तानात गेला. जाण्याआधी थोडी तुर्की भाषाही शिकला. उस्मानिये गावी सत्तरीच्या एका म्हाताऱ्याने गाणे म्हटले, तर ते एका जुन्या हंगेरियन चालीच्या सख्ख्या भावासारखे निघाले! त्याचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना.

१९३९ च्या अखेरीस आई गेली. हंगेरीवर नाझींची छाया पडत होती, म्हणून १९४० मध्ये त्याने देश सोडला. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात युगोस्लाव गाण्यांच्या तबकड्या ऐकून तो स्वरलेखन करीत असे. कोणत्याच गावी जाता येत नव्हते, गावे मात्र कानात होती. २६ सप्टेंबर १९४५ रोजी रक्ताच्या कर्करोगाने तो तिथेच वारला. त्याच्या अस्थी बुडापेस्टला आल्या त्या १९८८ साली.