डबीत न मावणारा आवाज

गिटारवादकाच्या पायाशी लहान लहान डब्या मांडलेल्या असतात. त्यांना पेडल म्हणतात. पायाने बटण दाबले की गिटारचा आवाज पालटतो. त्यातल्या 'फझ फेस' नावाच्या गोल डबीचा विषय निघाला की मला जिमी हेन्ड्रिक्स आठवतो.

त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १९४२ चा, अमेरिकेतल्या सिअॅटल शहरातला. कृष्णवर्णीय कुटुंब, घरात चणचण, आईवडील विभक्त. शाळकरी जिमी झाडू हातात धरून गिटार वाजवल्याची नक्कल करी. वडिलांबरोबर अडगळ उचलायला गेला असता त्याला एकच तार उरलेले उकुलेली हे छोटे वाद्य सापडले. त्या एका तारेवर तो कानावर पडलेल्या चाली काढू लागला. १९५८ साली आई वारली, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. त्याच सुमारास पाच डॉलरची जुनी गिटार हाती आली. स्वरलिपी त्याला कधीच वाचता आली नाही. डावखुरा असल्याने पुढे तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा फिरवून लावून वाजवत असे.

१९६१ मध्ये तो लष्करात छत्रीधारी सैनिक झाला आणि पुढच्याच वर्षी बाहेर पडला. मग लिटल रिचर्ड, आयस्ली ब्रदर्स अशा नामवंतांच्या मागे साथ करत गावोगाव हिंडला. सप्टेंबर १९६६ मध्ये चास चँडलर यांनी त्याला लंडनला नेले आणि तिथे त्याचे नाव झाले.

फझ फेसही १९६६ सालचीच, लंडनच्या आर्बिटर कंपनीची. आत दोन ट्रान्झिस्टर आणि मोजकेच सुटे भाग. आवाजाची लहर इतकी वाढवायची की तिचे माथे आणि तळ छाटले जावेत, एवढेच तिचे काम. त्यातून दाट, खरखरीत नाद निघतो. इतर ठिकाणी हा बिघाडच मानला जातो. पण तंबोऱ्याची जवारी लावताना तारेचा झणकार आपणही मुद्दामच आणतो ना! सुरुवातीचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. उष्म्याने त्यांचा आवाज बदले आणि एक डबी दुसरीसारखी वाजत नसे. पुढे सिलिकॉनचे आले. हेन्ड्रिक्सने दोन्ही वापरले.

त्याची खुबी मात्र हातात होती. गिटारवरचे बटण किंचित मागे फिरवले की तीच डबी मवाळ होई, पुढे नेले की गरजे. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी, वुडस्टॉकच्या महोत्सवात बरीचशी गर्दी पांगल्यावर त्याने अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. त्या सुरांत बाँब आणि विमाने ऐकू आली, तीही एका माजी सैनिकाच्या हातून. मला ते अपमानापेक्षा आक्रोशासारखे वाटते. १८ सप्टेंबर १९७० रोजी, झोपेच्या गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्याने, लंडनमध्ये त्याचा अंत झाला. वय अवघे २७. प्रसिद्धीची वर्षे जेमतेम चार.

२०१३ मध्ये डनलॉप कंपनीने त्याच्या नावाची छोटी फझ फेस काढली. ट्रान्झिस्टर जुन्याच वळणाचे, बीसी १०८ जातीचे. आता तिला दिवा आहे, विजेची जोडणी आहे, बॅटरी बदलणेही सोपे झाले आहे. जुन्या डबीच्या बऱ्याच कटकटी त्यामुळे मिटल्या, हे चांगलेच झाले.

घरातल्या मुलाने अशा डबीचा हट्ट धरला तर ऐपतीप्रमाणे ती जरूर घ्यावी. पण तोवर त्याने हाती असलेली गिटार बाजूला ठेवून देऊ नये, असे मला वाटते. हेन्ड्रिक्सकडे फझ फेस आली ती वयाच्या चोविशीत. तोवर एका तारेपासून सुरू झालेला रियाज त्याच्या बोटांत मुरला होता.