महाराणी ताराबाई : जन्माचा हक्क आणि कर्तृत्वाचा हक्क

गादी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर वंशावळीत मिळते असे आपण गृहीत धरतो. ताराबाईंचे चरित्र वाचताना हे गृहीत तपासून पाहा.

सेनापती हंबीरराव मोहिते यांच्या या कन्येचा जन्म १६७५ चा. शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र राजाराम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, त्यांचे पुत्र शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि राजारामांनी जिंजीहून राज्य टिकवले. मार्च १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर निवर्तले. ताराबाईंनी आपल्या लहानग्या शिवाजीस गादीवर बसवून औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ मध्ये, मोगलांनी शाहूंना सोडले आणि वाद उभा राहिला. शाहू थोरल्या शाखेचे वारस होते. ताराबाईंची भूमिका अशी की, जुने राज्य संभाजी महाराजांबरोबरच गेले; आताचे राज्य राजारामांनी नव्याने मिळवलेले आहे. त्याच वेळी, आलेला शाहू तोतया आहे, असेही त्यांच्या पक्षाकडून सांगण्यात आले. या दोन युक्तिवादांतील विसंगती तुमच्या लक्षात आली का? पहिला जन्माला निर्णायक मानत नाही. दुसरा जन्मच निर्णायक मानतो.

निर्णय सरदारांनी दिला. ऑक्टोबर १७०७ मध्ये खेडच्या लढाईत धनाजी जाधव शाहूंना मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. १७१३ मध्ये कोकण किनाऱ्याचे कान्होजी आंग्रेही शाहूंच्या पक्षात आले. पुढच्याच वर्षी पन्हाळ्यावर सवत राजसबाईंचे पुत्र संभाजी यांना गादी मिळाली आणि ताराबाई मुलासह कैदेत पडल्या. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये मान्य झाली.

शाहूंना पुत्र नव्हता. त्यांच्या अखेरच्या दिवसांत ताराबाईंनी गुप्तपणे वाढवलेला आपला नातू म्हणून रामराजास पुढे केले. १७४९ च्या अखेरीस शाहू वारले आणि रामराजा गादीवर आला. तो आपल्या सल्ल्याने चालेना, तेव्हा १७५० मध्ये त्यांनी त्याला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. १७५२ मध्ये जेजुरीस खंडोबासमोर त्यांनी शपथ घेतली, की हा आपला नातू नव्हे. ज्या रक्ताच्या नात्यावर रामराजाला गादी मिळाली होती, तेच नाते त्यांच्या शपथेने नाकारले. राजपद नावापुरते उरले. सत्ता पुण्यास पेशव्यांच्या हाती स्थिरावली. डिसेंबर १७६१ मध्ये, पानिपतच्या पराभवाच्या वर्षातच, ताराबाईंचे निधन झाले.

त्यांचे शौर्य निर्विवाद आहे. परंतु हक्काचा आधार सोयीनुसार बदलत गेला, की अखेर गादीचेच मोल घटते, हे या चरित्रातून ध्यानात घ्यावे.

स्वाध्याय : १७०७ आणि १७४९ या दोन प्रसंगी ताराबाईंनी वारसाहक्क कशावर आधारला, याची तुलना स्वतःच्या शब्दांत करा.