विश्लेषण : समुद्राखालच्या पठाराला कान्होजी आंग्रेंचे नाव, तिथे कॅमेरे काय मोजतात?

कळवणकरांना समुद्र गाठायचा तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. त्यामुळे ‘आंग्रिया बँक’ ही एखाद्या पतपेढीची शाखा वाटली, तर वाचकाला दोष देता येणार नाही. प्रत्यक्षात ते विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर पश्चिमेला, अरबी समुद्रात बुडालेले पठार आहे. त्याच्या सर्वात उथळ भागावरही सुमारे २० मीटर पाणी आहे आणि तळावर प्रवाळ आहेत. नाव मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांचे; इंग्रजांच्या तोंडी ‘आंग्रे’चे ‘आंग्रिया’ झाले.

कान्होजी कोण होते?

त्यांचा जन्म १६६९ चा. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. कान्होजींनी सुवर्णदुर्गावर नाव कमावले, पुढे सरखेलपद मिळवले आणि अलिबागचा कुलाबा किल्ला मुख्य ठाणे केला. ताराबाई आणि शाहू महाराज यांच्या वादात ते आधी ताराबाईंकडे होते. बाळाजी विश्वनाथांनी मध्यस्थी केल्यावर १७१४ मध्ये ते शाहूंच्या बाजूला आले.

त्यांची खरी ताकद दस्तकात होती. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने त्यांचा परवाना घ्यायचा. नसेल तर जहाज जप्त. युरोपीय कंपन्या त्यांना चाचा म्हणत, पण परवाने पोर्तुगीजही देत होते. विजयदुर्ग आणि खांदेरी इंग्रजांना घेता आले नाहीत. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले, तेही हात हलवत परतले. ४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. समाधी अलिबागला आहे.

त्या काळी जहाजावरून तळाचा अंदाज घ्यायचा तर दोरीला शिशाचे वजन बांधून सोडत. खोली कळे, पण खाली काय जगते ते कळत नसे.

मग आता कसे कळते?

पाणबुडे तळावर मोजपट्टी अंथरतात आणि ठरावीक अंतरावर वरून फोटो घेतात. नंतर संगणकावर प्रत्येक फोटोत ठिपके टाकून मोजले जाते : जिवंत प्रवाळ किती, मेलेले किती, शेवाळ किती. अडचण प्रकाशाची. लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषला जातो, म्हणून दिवा लागतो. तो कॅमेऱ्याला चिकटून लावला तर पाण्यातले कणच उजळतात. पावसाळ्यात सप्तशृंगगडाच्या घाटात धुक्यात हेडलाइट अपर केल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसेच. त्यामुळे दिवे दांड्यांवर, कॅमेऱ्यापासून दूर बसवतात.

एवढा खटाटोप कशासाठी?

राज्यालगतचा प्रादेशिक समुद्र १२ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरवर संपतो. आंग्रिया बँक त्याच्या कितीतरी पुढे, देशाच्या विशेष आर्थिक क्षेत्रात आहे. कान्होजींच्या नावाच्या या पठाराला संरक्षण द्यायचे की नाही, हे मुंबई ठरवू शकत नाही, निर्णय केंद्राचा. त्या फाइलला आकडे लागतात आणि ते या फोटोंतून येतात. एका फेरीचे फोटो पुरत नाहीत. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडतात. ते सावरले की मेले, हे पाहायला त्याच जागी पुन्हा उतरावे लागते, आणि किनाऱ्यापासून इतक्या दूर बोट नेण्याइतका शांत समुद्र वर्षातले मोजके महिनेच मिळतो.