सिंह फ्रेमबाहेर गेला, म्हणून कार्ल एकलीने कॅमेराच नवा बनवला

ट्रायपॉडवर कॅमेरा लावून पळत्या कुत्र्याचा व्हिडिओ घेऊन बघा. कुत्रा पुढे, फ्रेम मागे आणि मध्ये चार झटके. आज यावर फ्लुइड हेड आहे. त्यातल्या दाट द्रवामुळे कॅमेरा लोण्यासारखा वळतो. पण ही सोय नव्हती तेव्हा एका माणसाला हाच त्रास आफ्रिकेत झाला होता. फक्त त्याच्या समोर सिंह होता.

त्याचं नाव कार्ल एकली. (आडनाव खरंच एकली.) जन्म १८६४, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात. काम टॅक्सिडर्मीचं, म्हणजे मेलेले प्राणी संग्रहालयासाठी उभे करायचं. नुसता पेंढा भरणं त्याला पटत नव्हतं. तो आधी मातीत प्राण्याचे स्नायू घडवायचा, मग त्या घडणीवर कातडी चढवायचा. १८९६ मध्ये सोमालीलँडमध्ये एका बिबट्याने झडप घातली, तेव्हा याने त्याला नुसत्या हातांनी मारलं. गडी असा होता.

१९१० च्या सुमारास तो आजच्या केनियात होता. नंदी लोक भाल्यांनी सिंहाची शिकार करतात, ते त्याला फिल्मवर हवं होतं. तेव्हाच्या कॅमेऱ्याला एक मूठ फिल्म चालवायला, दुसरी आडवं वळवायला, तिसरी वर-खाली करायला. मुठी तीन, हात दोन! कॅमेरा वळेपर्यंत सगळं संपलेलं असायचं.

मग त्याने स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. तयार झाला तो गोल, चपटा डबा. लोक त्याला 'पॅनकेक' म्हणायचे. खरी करामत होती ट्रायपॉडच्या डोक्यात. तिथे दातेरी चाकांना जोडलेली छोटी जड चाकं होती. हँडल ढकललं की ती जोरात फिरायची. जड चाक आपला वेग चटकन बदलत नाही, त्यामुळे हाताचा झटका तिथेच जिरायचा. आज जे काम द्रव करतो, ते इथे चाकं करायची. एकाच हँडलने कॅमेरा आडवाही वळायचा आणि उभाही, दुसरा हात फिल्मच्या मुठीला मोकळा. शिवाय कॅमेरा आकाशाकडे वळवला तरी आयपीस डोळ्यापाशीच राहायचा.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने हा कॅमेरा वापरला. रॉबर्ट फ्लाहर्टीने 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) साठी आर्क्टिकच्या थंडीत असे दोन कॅमेरे नेले. हॉलिवूडमध्ये तर वेगवान हालचालीच्या शॉटला 'एकली शॉट' म्हणायला लागले.

खुद्द एकली मात्र हा कॅमेरा घेऊन १९२१ मध्ये बेल्जियन काँगोत गेला. संग्रहालयासाठी गोरिला मारायचे होते, आणि ते मारलेही गेले. पण त्याच सफरीत त्याने जिवंत गोरिलांचं चित्रीकरण केलं. रानातल्या गोरिलांची ती पहिली फिल्म मानली जाते. तिथून परतल्यावर मात्र हाच शिकारी गोरिलांना वाचवा म्हणून मागे लागला. बेल्जियमचे राजे आल्बर्ट यांनी १९२५ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. आजचं विरुंगा ते हेच. त्याने आधी केलेल्या शिकारी यामुळे पुसल्या जात नाहीत, हेही खरंच.

१९२६ मध्ये तो पुन्हा तिथे गेला आणि आजारी पडून १७ नोव्हेंबरला वारला. मिकेनो डोंगराच्या उतारावर त्याला पुरलं. न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये त्याच्या नावाचं दालन १९३६ मध्ये उघडलं. तिथल्या गोरिलांच्या देखाव्यामागे जो डोंगराळ परिसर रंगवलाय, तो त्याच्या थडग्याच्या आसपासचाच आहे.