बाकीला किंमत देणारा भास्कराचार्य

सोनपेठमध्ये मुलांना गणित शिकवताना मी एक कोडे हमखास घालतो. सीताफळांचे बारा-बाराचे वाटे केले तर सात फळे उरतात, सतरा-सतराचे केले तर चार. मग फळे कमीत कमी किती? मुले पानभर आकडेमोड करतात आणि कोणीतरी 55 वर येऊन पोचतो. मग मी विचारतो, वाट्यात लाख-लाख फळे असती तर? वर्ग गप्प होतो. त्या शांततेत मला भास्कराचार्यांचे नाव घेता येते.

भास्कराचार्य म्हटले की आपल्याला लीलावतीची करुण कथा आठवते : घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि बापाने लेकीसाठी ग्रंथ लिहिला. ही कथा 1587 मध्ये फैजीने केलेल्या फारसी भाषांतरातून पसरली. आचार्यांच्या ग्रंथांत ती नाही. कथा घरोघरी राहिली, गणित मात्र मागे पडले.

त्यांचा जन्म शके 1036 चा, म्हणजे इसवी सन 1114. वडील महेश्वर स्वतः ज्योतिषी, आणि तेच गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, 1150 मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय हे त्याचे चार भाग. एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी करणकुतूहल हा पंचांगकर्त्यांच्या उपयोगाचा ग्रंथ लिहिला.

माझ्या कोड्याचे उत्तर लीलावतीतल्या कुट्टक प्रकरणात आहे. कुट्टक म्हणजे कुटणे. सतराला बाराने भागा, बाकी पाच; बाराला पाचाने, बाकी दोन; पाचाला दोनाने, बाकी एक. संख्या अशी कुटून बारीक करायची आणि मिळालेल्या भागाकारांच्या शिडीने परत वर चढायचे. अंदाजाला जागाच उरत नाही. एक उत्तर सापडले की त्यात 204 मिळवत जा. 259, 463 अशी पुढची उत्तरे आपोआप मिळतात.

ही रीत आर्यभटाने 499 मध्ये सूत्ररूपाने सांगितली, ब्रह्मगुप्ताने पुढे नेली. आचार्यांनी ती विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगी केली. त्यांचे एक उदाहरण असे : 221 ला कितीने गुणून 65 मिळवले असता 195 ने निःशेष भाग जाईल? आधी तिन्ही संख्यांना 13 ने भागून 17, 5 आणि 15 करून घ्यायचे. गुणक येतो 5. पण भाज्य आणि भाजक यांना भागणारी संख्या मिळवायच्या संख्येला भागत नसेल, तर उत्तर शोधत बसू नये. ते उदाहरणच दुष्ट, असे ते बजावतात. कोणता प्रश्न सुटणारच नाही हे आधी सांगणे, ही खऱ्या शिक्षकाची खूण.

हा केवळ बुद्धीचा खेळ नव्हता. ग्रहाच्या गणितात शेवटी उरलेल्या शेषावरून ग्रहाचे स्थान आणि गेलेले दिवस कुट्टकाने उलट काढता येत. चक्रवाल पद्धतीने तर त्यांनी आणखी अवघड प्रश्न सोडवला : ज्या वर्गाला 61 ने गुणून एक मिळवले की पुन्हा वर्गच येतो, तो कोणता? त्या वर्गाचे लहानात लहान मूळ 22,61,53,980. हाच प्रश्न फर्माने 1657 मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे टाकला, पाचशे वर्षांनी.

आचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होता, नातू चांगदेव सिंघणाच्या. चाळीसगावजवळच्या पाटण येथे चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. 1207 चा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यातल्या दानाच्या ओळी जुन्या मराठीत आहेत आणि मठासाठी घाण्यामागे तेल देण्याची नोंद त्यांत आहे. म्हणजे गावच्या तेल्याच्या पळीभर तेलावर कुट्टकाचा अभ्यास चालत होता. विद्या नुसत्या थोर नावावर टिकत नाही. ती शिकवणारी माणसे आणि त्यांना पोसणारे गाव, दोन्ही लागतात. आपण आचार्यांचे नाव जपले. त्यांची रीत पोरांच्या हाती देणे बाकी आहे.